आधी वहीत, मग सुईवर

ज्यांना ज्यांना क्रोशे येतं, त्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पुढचा रुमाल किंवा तोरण हाती घेण्याआधी एकदा स्कॉटलंडची चौकडी, म्हणजे टार्टन, विणून बघा. नवा टाका शिकावा लागत नाही. साखळी, खांब आणि मुका खांब येत असतील तर तेवढं पुरे. लागते ती मोजायची सवय आणि वहीचं एक कोरं पान.

टार्टनचं सगळं रूप मोजणीत आहे. मागावर उभ्या धाग्यांत रंगांचा जो क्रम आणि जेवढी संख्या, तोच क्रम आणि तेवढीच संख्या आडव्या धाग्यांतही. लालवरून लाल गेला की निखळ लाल, लालवरून काळा गेला की दोहोंच्या मधली तिसरी छटा. म्हणून दोन रंगांतून तीन छटा मिळतात, तिनांतून सहा, चारांतून दहा. घरात उरलेले लोकरीचे छोटे गुंडे संपवायला याहून चांगली नक्षी मला माहीत नाही. मात्र वेगवेगळ्या रंगांचे चौकोन सुटे विणून जोडू नका. या छटा रेषा एकमेकींतून गेल्या तरच येतात, शिवणीतून येत नाहीत.

क्रोशेत हे साधायचा सोपा रस्ता असा. आधी रंगीत आडव्या पट्ट्यांची जाळी विणायची: एक खांब, एक साखळी, एक टाका सोडून पुन्हा खांब. दर ओळीत खांब खालच्या खांबावरच यायला हवा, नाहीतर उभ्या रेषा तिरक्या होतात आणि पुढे काही केलं तरी सुधारत नाहीत. जाळी झाली की बोथट, मोठ्या नाकाच्या सुईत लोकरीचे दोन-तीन पदर एकत्र ओवून ते खालून वर न्यायचे, एका साखळीच्या वरून, दुसरीच्या खालून. शेजारची रेषा याच्या उलट. पदर ओढून घट्ट करू नका, कापड आकसतं. आणि एकच पदर वापरून काटकसरही करू नका. घर भरलं नाही तर उभा रंग दिसतच नाही, आणि चौकडीऐवजी पट्टे हाती येतात.

पहिला नमुना दोनच रंगांचा घ्या. स्कॉटलंडमधल्या फॉल्कर्कला रोमन नाण्यांनी भरलेलं एक मडकं सापडलं होतं. त्याच्या तोंडात कोंबलेला लोकरी कापडाचा तुकडा तिसऱ्या शतकातला आहे. न रंगवलेल्या फिक्या आणि गडद लोकरीची साधी चौकडी, दोनच रंग. आज तो एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. लाल-काळं हवं असेल तर रॉब रॉय नावाने ओळखली जाणारी चौकडी घ्या, समान रुंदीचे लाल आणि काळे पट्टे, बस. ३६ साखळ्या घाला, सुईपासून सहाव्या साखळीत पहिला खांब, की १६ घरं होतात. चार लाल, चार काळी, पुन्हा चार लाल, चार काळी, ओळीही तशाच. आधी छोटा तुकडा विणून पट्टीने मोजा. चार घरांची रुंदी आणि चार ओळींची उंची सारखी आली नाही, तर ओळी कमी-जास्त करा किंवा सुईचा नंबर बदला.

दोन रंग जमले की बारीक रेषेकडे वळा. खरी गंमत तिथे आहे. १७४६ च्या कायद्याने स्कॉटलंडमधल्या हायलंडच्या पुरुषांना आणि मुलांना त्यांचा पारंपरिक चौकडीचा पोशाख घालायला बंदी केली, ती १७८२ पर्यंत होती. ब्रिटिश सैन्याला मात्र सूट होती. ब्लॅक वॉच पलटणीची गडद निळी, काळी, हिरवी चौकडी त्या काळात टिकली आणि पुढच्या पलटणींनी तीच उचलली. त्यावर एक पिवळी रेष घातली की गॉर्डन. पांढरी आणि लाल घातली की मॅकेंझी. ही मॅकेंझी चौकडी ७८ व्या हायलंडर्स पलटणीची. तीच पलटण १८०३ मध्ये आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या लढाईत उतरली होती.

तुम्हीही असंच करा. घरासाठी एक गडद चौकडी ठरवा आणि प्रत्येकाच्या वस्तूत एक ओळ, एक उभी रेष वेगळ्या रंगाची टाका. आजीच्या मफलरमध्ये पिवळी, मुलाच्या पाण्याच्या बाटलीच्या पिशवीत पांढरी. कोणाचं काय, हे लांबूनही कळतं. विकण्यासाठी करणार असाल तर स्वतःचाच क्रम मांडा; नामांकित कंपन्यांच्या काही चौकड्या त्यांच्या नोंदणीकृत खुणा असतात.

दोन सूचना मनावर घ्या. दुकानात लोकर म्हणून मिळते ती बहुतेकदा अ‍ॅक्रिलिक असते. गरम कुकर किंवा तव्याखाली ठेवायची चटई तिची कधीच करू नका, उष्णतेने ती वितळते. तिथे सुती दोराच हवा, आणि दोन थरांचा. आपल्याकडच्या हवेत पिशव्या, उशीचे अभ्रे, टेबलावरच्या चटयासुद्धा सुतीच बऱ्या. लोकर मफलर आणि शालीसाठी ठेवा. दुसरं, लाल आणि गडद निळा दोरा पांढऱ्याशेजारी घेण्याआधी त्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यात रात्रभर दाबून ठेवा. रंग सुटला तर तो दोरा बदला.

रंग बदलताना कडेला लोंबणारी टोकं पाहून पुष्कळजणी काम अर्धवट सोडतात. सोडू नका. बाजूने मुक्या खांबांच्या दोन ओळींची किनार घाला, टोकं तिच्यात झाकली जातात. उभ्या पदरांची टोकं वर-खाली चार बोटं मोकळी ठेवून गाठी मारा, त्यांचीच झालर होते. धुतल्यावर मात्र दोरीवर टांगू नका. जाळी ताणते आणि चौकोनाचा आयत होतो. टॉवेलवर पसरून, हाताने चौकोन सरळ करून सावलीत वाळवा.