हंडा कोणाच्या डोक्यावर?

मुरबाड तालुक्यातील फांगणे या गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा भरली आणि साऱ्या महाराष्ट्राने कौतुकाने टाळ्या वाजविल्या. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या, अंगावर गुलाबी लुगडी, खांद्याला दप्तर, मांडीवर पाटी. जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ही शाळा सुरू केली, मोतीराम दलाल ट्रस्टने हातभार लावला, आणि जन्मभर अंगठा उठविणाऱ्या बायका आपल्या नावाची सही करू लागल्या. त्या गुरुजींविषयी आमच्या मनात आदरच आहे. आमचे भांडण आहे ते टाळ्यांशी.

त्या गजरात एक साधा प्रश्न विरून गेला. या आज्या सात-आठ वर्षांच्या होत्या तेव्हा त्या कोठे होत्या? धाकटे भावंड कडेवर, गोठ्यातले शेण, पाणवठ्याची वाट. शाळा दूर होती, गरिबी होती, हे खरे; पण घरातून एकाच मुलाला शाळेत धाडणे शक्य असले तर तो मुलगा असे, हेही तितकेच खरे. आणखी एक गोष्ट पाहा. या शाळेची वेळ ठरली दुपारी दोन ते चार, कारण तोवर घरची कामे आवरलेली असतात. सत्तरी उलटली तरी बाईच्या अक्षरांनी तिच्या चुलीसाठी थांबायचे! वृत्तपत्रांनी ही वेळ मोठ्या प्रेमाने छापली. आम्हांला ती वाचून हसू आले नाही.

मुरबाडला लागूनच शहापूर तालुका आहे. १८९२ साली पुरे झालेले तानसा धरण या तालुक्यात आहे, भातसाही येथेच. मुंबईला रोज मिळणाऱ्या सुमारे ३८५ कोटी लिटर पाण्यापैकी जवळजवळ निम्मे एकट्या भातसाचे असते. आपल्यातील मुंबईकर कुटुंबे सकाळी नळ सोडतात तेव्हा घरात शहापूरच वाहत येते. तेथल्या गावपाड्यांना मात्र उन्हाळा आला की टँकरची वाट पाहावी लागते. टँकर विहिरीत रिता होतो आणि विहिरीभोवती झुंबड उडते. त्या झुंबडीत पुरुष किती असतात, ते कुणीतरी एकदा मोजावे.

याच तालुक्यातील डेंगणमाळ या गावाचे नाव २०१५ साली जगभर झाले. तेथे काही पुरुषांनी केवळ पाणी भरण्यासाठी दुसरी, क्वचित तिसरी बायको केली होती. पहिली मुलाबाळांत गुंतलेली, दुसरी थकलेली, म्हणून तिसरी. या 'पाणीवाल्या बायका' बहुधा विधवा किंवा टाकलेल्या. डोक्यावर छप्पर आणि गावात मान मिळतो म्हणून त्यांनी हंडा पत्करला. शहरातले वाचक हळहळले, काही हसलेही. आम्हांला त्यात विनोद दिसत नाही. दिसतो तो एक सरळ हिशेब. पाणी कमी पडले, म्हणून घराने आणखी एक बाई आणली. घरातला धडधाकट पुरुष विहिरीवर जाईल, हे त्या हिशेबात धरलेच गेले नाही.

'गरिबीपुढे काय चालणार?' असे आम्हांला सांगितले जाते. गरिबी हंडा रिकामा करते. तो कोणाच्या डोक्यावर ठेवायचा हे गरिबी ठरवीत नाही. पाणी सायकलला कॅन बांधून किंवा बैलगाडीत पिंप ठेवून आणायचे झाले की तेच काम मुलगे आनंदाने करतात. चाक आले की पुरुषाचे, डोके आले की बाईचे! यात निसर्ग कोठे आला? पहाटे दोन खेपा घालून आलेली मुलगी वर्गात पेंगते, मग ती 'ढ' ठरते. आईबाप म्हणतात, हिला शिक्षणात गती नाही, घरीच बरी. आणि कायद्याने अठराची अट असताना सोळाव्या वर्षीच स्थळे पाहू लागतात. पुढे तीच आपल्या लेकीच्या डोक्यावर चुंबळ ठेवते, कारण हे काम जन्माबरोबरच आले असे तिलाही वाटते.

यावर उपाय कुणाला सुचलाच नाही असेही नाही. कोसबाडच्या टेकडीवर (तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता) ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुलगी शाळेत का येत नाही हे नीट पाहिले. तिच्या कडेवर मूल होते. त्यांनी त्या मुलासाठी पाळणाघर काढले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणात नेली.

आता आपल्याकडे वळू, कारण शहापूरकडे बोट दाखविणे सोपे आहे. मार्ककृत शुभवर्तमानात शेवटच्या भोजनापूर्वी येशू दोघा शिष्यांना शहरात पाठवितो आणि पाण्याचा घडा घेऊन जाणाऱ्या पुरुषामागे जायला सांगतो. सणाच्या गर्दीत तो ओळखू येणार होता तो याचसाठी, की घडा वाहणारा पुरुष विरळा. आमच्या किती घरांत असा पुरुष सापडेल? जेवताना पाण्याचा तांब्या रिकामा झाला की पदवीधर लेक उठते. दहावीतला मुलगा नुसती हाक मारतो. सून 'शिकलेली हवी' म्हणतो आणि त्याच दमात 'पण घरचे सगळे करणारी'. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात चहाची भांडी कोण विसळते आणि ध्वनिक्षेपक कोणाच्या हाती असतो, हे येत्या रविवारीच पाहता येईल.

आपल्या धर्मग्रामातील तरुण मंडळी त्या पाड्यांवर वह्या वाटायला जाण्याचा बेत करीत असतील तर आमची एक सूचना आहे. वह्या वाटण्यापूर्वी मुलग्यांनी, तेथल्या मुलग्यांना बरोबर घेऊन, पहाटे विहिरीवरून दोन खेपा घालाव्यात. हंडा डोक्यावर घेऊनच. पाड्यावरची माणसे हसतील. हसू द्यावे. त्या दिवशी तरी मुली पहिल्या तासाला वर्गात असतील.