कपाटाची किल्ली कोणाच्या हातीं?

प्रत्येक शाळेंत ग्रंथालय असलेंच पाहिजे, असें २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें ठरविलें. त्या कायद्याच्या अनुसूचींत वर्तमानपत्रें, मासिकें, सर्व विषयांचीं पुस्तकें व गोष्टींचीं पुस्तकें शाळेंत असावींत असें स्पष्ट लिहिलें आहे. पुढें २०१८ सालीं समग्र शिक्षा योजना निघाली, तेव्हां सरकारी शाळांना ग्रंथालयासाठीं दरसाल पांच हजारांपासून वीस हजार रुपयांपर्यंत अनुदान ठरलें. मग उणें काय राहिलें? त्याच अनुसूचींत सहावी ते आठवीचा पट शंभरावर गेल्यास चित्रकला, शरीरशिक्षण व कार्यशिक्षण यांसाठीं अर्धवेळ शिक्षक सांगितले आहेत. ग्रंथपालाचें मात्र नांवही नाहीं. बैल दिले, नांगर दिला, आणि औत हांकणारा द्यावयाचा राहून गेला!

याचा परिणाम काय होतो तो आम्हां शिक्षकांस रोज दिसतो. पुस्तकें येतात, दाखल-रजिस्टरांत त्यांचे नंबर पडतात, कपाट बंद होतें, आणि किल्ली एका शिक्षकाकडे जाते. त्या शिक्षकाला आपला वर्ग आहे, मोजणीचीं कामें आहेत, कागद भरावयाचे आहेत. वर्षअखेरीस पुस्तकांची मोजदाद होते. हरवलेल्या पुस्तकाचा जाब त्याला विचारला जातो. वाचलेल्या पुस्तकाबद्दल कोणी शब्द काढीत नाहीं. मग तो कपाट उघडील कशाला? आम्ही त्याला दोष देत नाहीं. ज्या ट्रेनिंग कॉलेजांत आम्हीं मुलांना शिकविण्याची विद्या घेतली, तेथें पुस्तकें कशीं लावावीं, कोणत्या मुलाच्या हातीं कोणतें द्यावें, ही विद्या स्वतंत्रपणें कोणी शिकवीत नसे. नाहीं शिकलेलें काम माणसाच्या गळ्यांत बांधलें म्हणजे तें काम होत नाहीं, नुसती राखण होते.

ही राखण कोणाला महाग पडते, याचा विचार आमच्या वाचकांनीं करावा. ज्या घरांत आजोबांपासून पुस्तकांची फळी आहे, त्या घरच्या मुलाला शाळेचें कपाट बंद असलें तरी चालतें. वारजें गांव १९९७ सालीं पुणें महानगरपालिकेंत गेलें. जेथें पिकें डोलत होतीं तेथें इमारती उभ्या राहिल्या, आणि गांवावरून मुंबई-बंगळूर महामार्ग धांवूं लागला. आज माळवाडींत जुन्या शेतकऱ्याचें घर आहे. आणि पोटासाठीं दूरच्या जिल्ह्यांतून आलेल्या गवंड्याचें, सुताराचें, गाडी हांकणाऱ्याचें व धुणींभांडीं करणाऱ्या बाईचेंही घर आहे. यांच्या मुलांना क्रमिक पुस्तकाबाहेरचें पुस्तक दिसण्याची जागा एकच, ती म्हणजे शाळा. तेथें कुलूप लागलें कीं त्यांच्यापुरतें सगळ्या जगालाच कुलूप लागलें.

जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें निवेदन दिलें, त्यांत प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्य तर शेतकरी वर्गांतून निवडावेत, अशी मागणी आहे. त्यांचें कारण सरळ होतें. असा शिक्षक लोकांत मिसळेल, त्यांच्या गरजा ओळखील, आणि प्रसंगीं नांगराचें रुमणें किंवा सुताराचा वाकस हातीं धरावयास लाजणार नाहीं. शिक्षकाबद्दल जें जोतीराव बोलले तेंच आज ग्रंथपालाबद्दल बोलण्याची वेळ आली आहे. ग्रंथपाल आमच्या घरांतून निघाला पाहिजे, आणि तो शिकून निघाला पाहिजे.

शिकून म्हणण्याचें कारण, आमच्यांतले पुष्कळ लोक ग्रंथपाल म्हणजे किल्ल्या संभाळणारा शिपाई समजतात. ही समजूत खोटी आहे. शि. रा. रंगनाथन हे मद्रासेंत गणित शिकवीत होते. १९२४ सालीं ते विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले व ही विद्या शिकण्यासाठीं लंडनला गेले. पुढें १९३१ सालीं त्यांनीं ग्रंथालयाचे पांच नियम सांगितले. त्यांचें सार इतकेंच कीं पुस्तक जपण्यासाठीं नसून वापरण्यासाठीं आहे, आणि प्रत्येक वाचकाला त्याचें पुस्तक मिळालें पाहिजे.

ड्यूई या अमेरिकन गृहस्थानें लावलेली दशांश पद्धत आपल्याकडील पुष्कळ ग्रंथालयांत चालते. तींत शेतीचा आंकडा ६३०, लोहारकामाचा ६८२, सुतारकामाचा ६९४. म्हणजे गांवांत ज्याचें घर कडेला, त्याच्या धंद्यालाही फळीवर तत्त्वज्ञान व इतिहास यांच्याच रांगेंत जागा आहे. आमच्या शाळांच्या कपाटांत मात्र ६८२ ची फळी बहुधा रिकामी असते. ती रिकामी आहे हें शिकलेल्या डोळ्याला दिसतें, आणि ती भरावी असें लोहाराच्या लेकीला अधिक वाटतें. म्हणून आम्हांला दोन्ही हवें: शिक्षण हवें आणि आपल्या घरचें माणूसही हवें.

ही कल्पना परक्या मुलखाची म्हणून कोणी नाक मुरडूं नये. नाशिक जिल्ह्यांतील कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या घरीं जन्मलेले सयाजीराव गायकवाड बडोद्याच्या गादीवर बसले. त्यांनीं १९१० सालीं अमेरिकेहून बोर्डन नांवाचा ग्रंथपाल आणविला आणि १९११ सालीं बडोद्यांत ग्रंथपालांचा शिक्षणवर्ग उघडला. हिंदुस्थानांतील असा हा पहिला वर्ग समजला जातो. महाराजांनीं पुस्तकें विकत घेतलीं, पण तेवढ्यावर ते थांबले नाहींत. पुस्तकें हाताळणारीं माणसें त्यांनीं तयार केलीं. मग पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडीं फिरूं लागल्या. गांवानें जी वर्गणी काढावी तिला प्रांत पंचायत व सरकार जोड देत असे. कोल्हापूर संस्थानानें १९४५ सालीं ग्रंथालयांचा कायदा केला. मद्रासचा कायदा १९४८ चा, आणि आपल्या महाराष्ट्राचा १९६७ चा. मात्र हा १९६७ चा कायदा सार्वजनिक ग्रंथालयांचा आहे. शाळेचें कपाट त्याच्या कक्षेबाहेर राहिलें.

अमेरिकेंतील बऱ्याच राज्यांत शाळेचा ग्रंथपाल होण्यास पदवीवरची मास्टरची पदवी लागते, शिवाय राज्याचा दाखला लागतो. कित्येक ठिकाणीं तो आधीं शिक्षक असावा लागतो. त्याला शिक्षकाच्या बरोबरीचा मानतात. पण तेथेंही तिजोरींत खडखडाट झाला कीं पहिली कुऱ्हाड पुष्कळदां ग्रंथपालावरच पडते. तेव्हां नुसत्या पदवीवर विसंबून चालत नाहीं. त्या जागेच्या पाठीशीं आईबाप उभे असावे लागतात.

आतां आपल्याकडची वाट सांगतों. ज्याची पदवी झाली नाहीं त्याच्यासाठीं ग्रंथालय संचालनालयाचा प्रमाणपत्र वर्ग आहे. तो मुख्यतः गांवच्या वाचनालयांच्या कामाचा. पदवी झालेल्यास, मग ती कोणत्याही शाखेची असो, ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतां येते, आणि तिच्यापुढें मास्टरची. ज्या विद्यापीठाला २०१४ सालीं सावित्रीबाईंचें नांव मिळालें, त्या पुणें विद्यापीठांत या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. वारज्याहून तें फार लांब नाहीं. नोकरी संभाळून शिकणाऱ्यास नाशिकचें यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ व दिल्लीचें इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ यांचे दरवाजे उघडे आहेत. लेकींसाठीं तर आणखी एक वाट आहे. वारज्याच्या शेजारीं हिंगण्यास १९०० सालीं कर्व्यांचा आश्रम आला, त्या कार्यांतून १९१६ सालीं महिला विद्यापीठ निघालें, आणि त्या विद्यापीठानें १९६१ सालीं मुंबईंत ग्रंथालयशास्त्राची शाळा काढली. शेजारीं लाविलेल्या झाडाचें फळ वारज्याच्या लेकीनें कां घेऊं नये?

यावर शेतकरी बाप विचारील कीं, "गुरुजी, पदवी घेतली आणि जागाच नसली तर?" प्रश्न रास्त आहे. आम्ही कोणाला खोटी आशा लावीत नाहीं. माध्यमिक शाळांत ग्रंथपालाची जागा पटाच्या मापानें मिळते. पट मोठा असेल तर पूर्णवेळ, नाहीं तर अर्धवेळ, आणि लहान शाळेला तीही नाहीं. म्हणून आमचें सांगणें असें कीं या पदवीसाठीं शेत विकूं नये, व्याजानें पैसा काढूं नये, आणि जागा देतों म्हणून देणगी मागणाऱ्याच्या दारांत पाऊल ठेवूं नये. आधींची पदवी पुरी करावी, हाताला दुसरें काम असूं द्यावें, फी व मान्यता नीट तपासावी, आणि मग शिकावें.

पण जागा नाहीं म्हणून स्वस्थ बसणें हेंही बरें नव्हे. जिल्हा परिषदेच्या साधारण दहा शाळांमागें एक केंद्र असतें. प्रत्येक केंद्राला एक शिकलेला ग्रंथपाल द्यावा, त्यानें बडोद्याच्या पेट्यांप्रमाणें पुस्तकें शाळाशाळांतून फिरवावीं, आठवड्यांतून निदान एक दिवस प्रत्येक शाळेंत बसावें किंवा पाळी लावावी, आणि शिक्षकाच्या गळ्यांतील किल्ली काढून घ्यावी. महानगरपालिकेनेंही आपल्या शाळांचे असेच गट पाडावेत. दहा शाळांना मिळून एक पगार, हा खर्च सरकारला जड नाहीं. पुस्तकांवर झालेला खर्च कुलपांत कुजतो, तो त्याहून जड आहे.

तोंपर्यंत आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनीं एवढें करावें. शाळा व्यवस्थापन समितींत तुमचेच लोक बसतात. कायद्यानें त्या समितींत तीन चतुर्थांश पालक असले पाहिजेत. पुढल्या सभेंत दाखल-रजिस्टर मागा, कपाट उघडावयास लावा, आणि विचारा कीं या महिन्यांत किती पुस्तकें मुलांच्या घरीं गेलीं. हरवलेल्या एका पुस्तकासाठीं शिक्षकाला धारेवर धरणार नाहीं असा ठराव करून त्याला अभय द्या. आणि घरांत वाचणारी लेक असेल तर तिला सांगा कीं ग्रंथपाल होणें ही कमीपणाची नोकरी नव्हे. आपल्या आज्यापणज्यांना ज्या कपाटाजवळ कोणी उभें केलें नाहीं, त्या कपाटाची किल्ली तिच्या हातीं यावयाची आहे.