होकाराआधीचा फोटो कुणाचा?

लग्नसराई संपली की फोटो स्टुडिओचे शटर अर्धे खाली येते, हे या धंद्यातील प्रत्येकाला ठाऊक आहे. कॅमेरा आणि लेन्सचे हप्ते मात्र बाराही महिने चालू असतात. रोल धुण्या-छापण्याचे उत्पन्न डिजिटल कॅमेऱ्याने नेले, घरगुती समारंभांचे काम मोबाईलने नेले. केवळ पासपोर्ट फोटोंवर दुकानाचे भाडे निघत नाही. अशा वेळी एक नवे काम बाजारात आले आहे. त्याविषयी आज दोन शब्द लिहावेसे वाटतात.

मुलगा फिरायला जाण्याच्या निमित्ताने मुलीला समुद्रकिनारी नेतो, अचानक गुडघा टेकून अंगठी पुढे करतो आणि लग्नाची मागणी घालतो. तो क्षण टिपण्यासाठी त्याने आधीच छायाचित्रकार ठरवलेला असतो. मुलीला याचा पत्ता नसतो. ही चाल पाश्चात्त्यांची. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये, पॅरिसच्या आयफेल टॉवरसमोर अशी कामे घेणारे छायाचित्रकार आहेत. आता मुंबईचा मरीन ड्राइव्ह आणि गोव्याचे किनारे येथेही अशी मागणी असते. आपल्या घरांत पैगाम वडीलधाऱ्यांमार्फत जातो; त्यामुळे ही पद्धत अनेकांना रुचणार नाही. ती कुणी उचलावी, असे आमचे म्हणणे नाही. परंतु कॅमेऱ्यामागचे हात आपल्या तरुणांचेही आहेत, तेव्हा हे काम त्यांनी जाणून घेतलेले बरे.

या कामाला ना मुहूर्त लागतो, ना हॉल. तास-दीड तासाचे काम, तेही लग्नाची तारीख नसलेल्या दिवशी. पण ते सोपे नाही. लग्नात एखादा फोटो चुकला तर नवरा-नवरीला पुन्हा उभे करता येते. येथे दुसरी संधी नाही. म्हणून आदल्या दिवशी त्याच वेळी जाऊन उजेड पाहावा. मुलाने नेमके कुठे थांबायचे, हे त्याला दाखवून ठेवावे. दोघे कॅमेऱ्याला आडवे असावेत, नाहीतर फोटोत मुलीची पाठच येते. ७०-२०० ची लेन्स लावून वीस-पंचवीस पावलांवर उभे राहावे, शटरचा आवाज बंद ठेवावा, फ्लॅश मारू नये. मावळतीचा सूर्य पाठीमागे असेल तर चेहरे काळे पडतात, त्याचा हिशेब आधीच करावा.

इतके हुन्नर सांभाळूनही एक गोष्ट राहून जाते. या फोटोत दोन माणसे आहेत आणि परवानगी एकाचीच घेतलेली आहे.

आमच्या परिचयातील एका तरुण छायाचित्रकाराने असे काम घेतले. मुलगी गोंधळली, ‘घरी विचारून सांगते’ म्हणाली आणि तिला रडू आले. हा फोटो काढतच राहिला. मुलाने उरलेले पैसे दिले नाहीत. याने रागाच्या भरात फोटो आपल्या जाहिरातीसाठी इंटरनेटवर टाकले. ते मुलीच्या नातेवाइकांपर्यंत पोहोचले. पुढे जे झाले त्यात कुणाचेच भले झाले नाही. मुलीचा तर काहीच अपराध नव्हता.

येथे दोन चुका झाल्या. पहिली व्यवहाराची. आपण मेहनत विकतो, मुलीचा होकार नव्हे. तेव्हा पूर्ण मोबदला आधी घ्यावा आणि उत्तर काहीही आले तरी तो परत मिळणार नाही, हे लिहून ठेवावे. दुसरी चूक हक्काची. ‘फोटो मी काढला, म्हणून तो माझा’ असा समज सर्रास आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १७ वेगळे सांगते. मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, ते काढवून घेणारा असतो. म्हणजे विचारल्याशिवाय जाहिरातीत वापरण्याचा हक्क छायाचित्रकाराला नाही.

कायद्याने मालकी मुलाकडे जाते, हे खरे. पण आमच्या मते तेवढ्याने भागत नाही. लिहून घेतलेल्या कागदात आणखी तीन ओळी असाव्यात. मुलगी नाही म्हणाली किंवा अवघडली तर कॅमेरा तत्काळ खाली जाईल. होकार आला तर छायाचित्रकार पुढे होऊन तिला स्वतःची ओळख सांगेल. आणि तिने पाहून संमती दिल्याशिवाय एकही फोटो बाहेर जाणार नाही. तिने पुसायला सांगितले तर पुसला जाईल. हे गिऱ्हाइकाला मान्य नसेल तर ते काम सोडून द्यावे.

एवढ्या अटी घातल्या तर गिऱ्हाईक पळेल, असे काहीजण म्हणतील. आम्हाला तसे वाटत नाही. हेच जोडपे उद्या लग्नाचा फोटोग्राफर शोधणार आहे आणि ज्याने पहिल्या दिवशी मुलीची अब्रू राखली, त्याचेच नाव ती आपल्या घरी सांगेल. हा धंदा शेवटी तोंडी शिफारशीवरच चालतो. निकाहात मुलीची कबुली विचारल्याशिवाय पुढचे पाऊल पडत नाही. फोटोचा व्यवहारही त्याच रीतीने व्हावा, एवढेच आमचे सांगणे आहे.