ताकदीच्या व्हिडिओतली हरवलेली तीन मिनिटे

जड वजनाच्या व्यायामातला बराचसा वेळ नुसता बसण्यात जातो. पाच रेप्सचे पाच सेट करायचे ठरवले आणि एका सेटला २० सेकंद धरले, तर प्रत्यक्ष वजन उचलण्याचा वेळ भरतो १०० सेकंद. मधल्या चार विश्रांती तीन-तीन मिनिटांच्या, म्हणजे १२ मिनिटे. चौदा मिनिटांच्या हिशेबात दोन मिनिटेही काम नाही. उरलेला वेळ माणूस घाम पुसतो, पाणी पितो, भिंतीकडे बघत बसतो. असा व्हिडिओ बघणार कोण? आणि बनवणारा तरी कशाला बनवेल? म्हणून यूट्यूबवर ‘स्ट्रेंथ’ असे लिहून शोधले की जे समोर येते, त्यातल्या बहुतेकांमध्ये विश्रांतीला कात्री लागलेली असते. मागे उरते ती धावपळ, हातात तीन-तीन किलोची डंबेल्स आणि पडद्याच्या कोपऱ्यात उलटे पळणारे घड्याळ.

हा व्यायाम वाईट नाही. घाम निघतो, धाप लागते, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या भरून आलेल्या असतात. काहीच न करण्यापेक्षा तो शंभर पटींनी बरा. तक्रार एवढीच, की दमछाकीला ताकदीचे नाव लावून ते गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारले जाते आणि सहा महिने इमाने इतबारे घाम गाळूनही गव्हाची गोणी का उचलत नाही, हे त्या बिचाऱ्याला कळत नाही.

या घोटाळ्याचे मूळ घरगुती व्यायामाच्या व्हिडिओच्या जन्मातच आहे. अभिनेत्री जेन फोंडाची व्यायामाची व्हिडिओ कॅसेट १९८२ मध्ये बाजारात आली आणि अमेरिकेतल्या बायका दिवाणखान्यात टीव्हीसमोर व्यायाम करू लागल्या. तो होता एरोबिक्सचा काळ: संगीत अखंड, ठेका पक्का, थांबणे म्हणजे हरणे. पुढे हातात वजने आली, पण ठेका तोच राहिला. न्यूझीलंडच्या लेस मिल्स कंपनीचा ‘बॉडीपंप’ हा बारबेलचा वर्ग जगभर चालतो. त्याच्या तासाभरात आठशेच्या आसपास रेप्स होतात, असे कंपनीच अभिमानाने सांगते. ज्या वजनाचे आठशे रेप्स होतात ते वजन जड नसते, हे समजायला व्यायामशास्त्र शिकावे लागत नाही.

खरे तर हा फरक ऐंशी वर्षांपूर्वीच सांगून झाला आहे. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांवर शिकागोच्या लष्करी रुग्णालयात उपचार करणारे डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी १९४५ मध्ये मांडले, की कमी वजन पुष्कळ वेळा उचलल्याने दम वाढतो, जास्त वजन थोड्या वेळा उचलल्याने ताकद. दुबळ्या झालेल्या मांड्यांना त्यांनी वजनाचे बूट घालून व्यायाम दिला आणि जमेल तसे वजन वाढवत नेले. हल्ली ट्रेनर ज्याला ‘प्रोग्रेसिव्ह ओव्हरलोड’ म्हणतात, ते हेच.

नंतरच्या संशोधनाने या चित्रात एक महत्त्वाची दुरुस्ती केली. ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अनेक प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा दिसले की अगदी थकेपर्यंत केला तर हलक्या वजनानेही स्नायूचा आकार जवळपास तितकाच वाढतो. मात्र जास्तीत जास्त वजन उचलण्याची क्षमता जड वजनाने सरावणाऱ्यांचीच अधिक वाढते. त्याआधी, २०१६ मध्ये, याच संशोधकाने सरावलेल्या तरुणांचे दोन गट केले होते. व्यायाम तोच, आठ आठवडे. एका गटाला सेटमध्ये एक मिनिट विश्रांती, दुसऱ्याला तीन. तीन मिनिटे बसणाऱ्यांची ताकदही जास्त वाढली आणि मांडीचा स्नायूही. जोरदार सेटनंतर स्नायूतला झटपट ऊर्जेचा साठा पुन्हा भरायला तीन ते पाच मिनिटे लागतात. वीस सेकंदांत शिट्टी वाजवून पुढचा व्यायाम सुरू करणारा व्हिडिओ हा साठा भरूच देत नाही. मग पुढच्या वेळी हलके डंबेल घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

याला अपवाद आहेत, आणि ते शिकण्यासारखे आहेत. न्यू जर्सीच्या कॅथी फ्रीड्रिक यांनी साधारण पंधरा-सोळा वर्षांपूर्वी ‘शॉक ट्रेनिंग सिस्टिम’ नावाची मालिका काढली, तब्बल ४० डीव्हीडींची. त्यात पहिली डीव्हीडी लावण्याआधी गृहपाठ होता: प्रत्येक व्यायामात आपण एकदाच, जास्तीत जास्त किती वजन उचलू शकतो ते काढायचे आणि त्याच्या टक्केवारीवर पुढच्या आठवड्यांची वजने ठरवायची. टप्पा बदलला की वजन वाढते, रेप्स घटतात. अमेरिकी ट्रेनर टोनी हॉर्टन यांच्या ‘पी नाइन्टी एक्स’ या व्यायाम-व्हिडिओंच्या मालिकेची जाहिरात ‘स्नायूंना गोंधळात टाका’ अशी होती, पण आतला माल जाहिरातीपेक्षा शहाणा होता. तेच व्यायाम काही आठवडे पुन्हा येत आणि किती वजन, किती रेप्स, ते कागदावर लिहा, असा हॉर्टन यांचा सारखा धोशा असे.

करोनाकाळात जगभर गाजल्या त्या उत्तर आयर्लंडच्या कॅरोलाइन गिरवन. फुकट व्हिडिओ, बडबड नाही, फॉर्म स्वच्छ, डंबेल्स खरोखर जड. मात्र बराचसा व्यायाम घड्याळावर: तीस-चाळीस सेकंद काम, मग थोडी विश्रांती. ज्याला ताकद हवी त्याने गिरवन यांचे व्यायाम जरूर उचलावेत, घड्याळ त्यांच्याकडेच ठेवावे. पॉज बटण त्यासाठीच असते. व्हिडिओ ४५ मिनिटांचा आहे म्हणून आपला व्यायाम ४५ मिनिटांतच संपला पाहिजे, असा नियम कुणी केलेला नाही.

‘जड’ म्हणजे किती, याचा अंदाज घरच्या घरी काढता येतो. अमेरिकी प्रशिक्षक बॉइड एप्ली यांचे सूत्र सोपे आहे: रेप्सना ३० ने भागा, त्यात एक मिळवा आणि उचललेल्या वजनाने गुणा. एखादी बाई १५ किलोचे डंबेल छातीशी धरून दहा बैठका काढते आणि अकरावी निघत नाही, तर तिची एका वेळची कमाल क्षमता साधारण २० किलो. ताकदीसाठी तिने त्याच्या ८० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे १६ किलोवर काम करायला हवे. पडद्यावरची ट्रेनर तिला जे तीन किलोचे गुलाबी डंबेल घ्यायला सांगते, ते होते १५ टक्के. बायकांसाठी म्हणून बनवलेल्या व्हिडिओंमध्ये हा प्रकार सर्रास चालतो. जड उचलले तर शरीर पुरुषी होईल, ही भीती इतक्या वर्षांनंतरही विकली जाते, याचे नवल वाटते.

वजन वाढवायचे म्हणजे किती? अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने २००९ मध्ये सांगितलेले प्रमाण २ ते १० टक्क्यांचे आहे. दुकानात मात्र पाच किलोनंतर साडेसात किलोचे डंबेल मिळते, म्हणजे एकदम ५० टक्क्यांची उडी. म्हणून ठरावीक वजनांच्या रंगीत जोड्यांवर पैसे घालवण्यापेक्षा प्लेट्स बदलता येणारा सेट घ्यावा आणि त्याबरोबर अर्धा-एक किलोच्या छोट्या प्लेट्स मागून घ्याव्यात. दुकानदार ‘एवढ्याशाने काय होणार’ म्हणून हसतो. एका किलोने काय होते ते सांगलीकरांना ठाऊक आहे: २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या वेटलिफ्टर संकेत सरगरने एकूण २४८ किलो उचलले आणि २४९ किलोवाला मलेशियाचा खेळाडू सुवर्णपदक घेऊन गेला.

व्हिडिओ निवडताना आणखी एक गोष्ट तपासावी: पुढच्या आठवड्यात तो हेच व्यायाम पुन्हा करायला लावतो का? रोज नवे काही देणारा चॅनेल करमणूक म्हणून उत्तम. पण गेल्या सोमवारी १६ किलो पाचदा उचलले की सहादा, हे ज्याला सांगता येत नाही त्याची प्रगती होते की नाही, ते देवच जाणे. तालमीत रोज जोर आणि रोज बैठका काढणाऱ्या पैलवानाला त्याचा कंटाळा येत असेलही. वस्तादाने म्हणून त्याला कधी नवा चॅनेल लावून दिला नाही.

आणि वस्तादावरून मुख्य अडचणीकडे. व्हिडिओ दाखवतो, पण बघत नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्रिफिथ विद्यापीठातला ‘लिफ्टमोर’ प्रयोग हल्ली सगळीकडे सांगितला जातो, आणि तो आहेही सांगण्यासारखा. हाडे ठिसूळ होऊ लागलेल्या, अठ्ठावन्न ओलांडलेल्या १०१ महिला त्यात होत्या. त्यांच्यातल्या एका गटाने आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास डेडलिफ्ट, स्क्वॉट आणि डोक्यावर वजन ढकलण्याचा व्यायाम केला. पाच रेप्सचे पाच सेट, क्षमतेच्या ८० टक्क्यांहून जास्त वजनावर. कण्याच्या हाडांची घनता सरासरी २.९ टक्क्यांनी वाढली, तर घरी हलका व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटाची घटली. मात्र सांगणारे बहुधा गाळतात ते हे, की जड गटाचा प्रत्येक वर्ग प्रशिक्षकाच्या नजरेखाली झाला आणि पहिला महिना फक्त हलक्या वजनावर हालचाली शिकण्यात गेला. या प्रयोगाचे नाव घेऊन साठीच्या काकूंना थेट एखाद्या व्हिडिओसमोर उभे करणे हा निव्वळ अविचार आहे. डेडलिफ्टमध्ये पाठ कुठे वाकते हे करणाऱ्याला स्वतःला कळत नाही. सुरुवातीचे काही वर्ग जाणकार ट्रेनरकडे करावेत, मग घरी यावे. त्यानंतरही फोन समोर ठेवून दुसऱ्याला बघण्यापेक्षा तो बाजूला, कमरेच्या उंचीवर ठेवून स्वतःचाच सेट चित्रित करावा. तो व्हिडिओ कोणत्याही चॅनेलपेक्षा जास्त शिकवतो.

रक्तदाबाच्या रुग्णांनी आणि हर्नियाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या फंदात पडू नये. जड वजनाखाली श्वास रोखला की रक्तदाब काही क्षण भलताच उसळी घेतो. घरात कुणी नसताना रॉड घेऊन बेंच प्रेस करू नये, रॉड छातीवर अडकला तर उचलायला कोणी येत नाही. जमिनीवर पाठ टेकून डंबेल्सने तोच व्यायाम करावा, फार तर डंबेल बाजूला पडते. खाली जाड रबरी मॅट हवीच, नाहीतर खालच्या मजल्यावरचे शेजारी सोसायटीच्या सभेत विषय काढतात.

राहिला प्रश्न मराठीचा. सूर्यनमस्कार, मल्लखांब, तालीम यांचा एवढा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्रात वजन उचलायला शिकवणारी साधी मालिका क्रीडा खात्याने किंवा एखाद्या जुन्या व्यायाम मंडळाने करायला काय हरकत आहे? बारा आठवडे, आठवड्याला दोन दिवस, पाच-सहा व्यायाम. जागतिक आरोग्य संघटनाही सगळ्या मोठ्या स्नायूंसाठी आठवड्यातून किमान दोन दिवस मागते. समोर एक प्रशिक्षक आणि पन्नाशीची एक सामान्य बाई, जिचा चौथा रेप अडखळतो आणि तो कापलेला नाही. सेट संपला की पडद्यावर वही दिसावी, त्यात तिने वजन लिहावे आणि मग पूर्ण तीन मिनिटे तिने बसावे, कॅमेरा चालूच.