सस्पेन्स अकाउंट

आमच्या शेजारच्या नानांचं एक ठरलेलं वाक्य आहे. ‘‘दिवसभर डोक्याला ताप असतोच. तो पुन्हा तिकीट काढून कशाला विकत घ्यायचा?’’ एखाद्या छोट्या नाट्यसंस्थेनं चार खुर्च्या मांडून काही जहाल नाटक केलं, की नाना हे वाक्य काढतात. नाटक न बघता काढतात, हे त्यांचं वैशिष्ट्य.

बरं, ताप नानांना वर्ज्य आहे म्हणावं, तर तसंही नाही. टीव्हीवरची सासू सुनेच्या दुधात विष कालवते, ते नाना वरणभात कालवता कालवता बघतात. विष चालतं, फक्त ते बंगल्यात, दागिने घालून कालवलेलं हवं. आपल्या दोन खोल्यांतलं कोणी दाखवलं की संस्कृती बुडाली!

हे दुखणं जुनं आहे. १९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ बसवलं. साडीवरच्या रक्ताच्या लाल डागावर सेन्सॉरनं हरकत घेतली. तेव्हा डाग निळा केला आणि प्रेक्षकांना सांगितलं, हा लाल समजा! मी कॉमर्सचा माणूस. तोटा निळ्या शाईनं लिहिला म्हणून त्याचा नफा होत नाही, एवढं मला कळतं. पुढं १९७२ साली ‘सखाराम बाइंडर’वर बंदी आली, ती कोर्टात जाऊन उठवावी लागली. १९७४ पासून ‘आविष्कार’नं दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग मांडले. आज हीच नावं घेऊन नाना ‘आपली थोर मराठी रंगभूमी’ म्हणतात. धाडसाला पन्नास वर्षं झाली की त्याचा वारसा होतो; कालपरवाचं असलं की चावटपणा.

‘‘पण इस्टेटीसाठी जिवावर उठणारी असली माणसं असतात का कुठं?’’ असं नाना विचारतात. त्यांनी एक दिवस आमच्या काउंटरवर बसावं. बाप जाऊन पंधरा दिवस होत नाहीत, तोच दोन भाऊ फिक्स डिपॉझिटची पावती घेऊन भांडत येतात. आई मागं बाकावर बसलेली असते. तिला कोणी काही विचारत नाही. मी भावांना फॉर्म देतो. आईच्या चेहऱ्याचं काय करायचं, याचा फॉर्म बँकेकडे नाही.

हिशेब जुळला नाही, की आम्ही फरक तात्पुरता सस्पेन्स अकाउंटला टाकतो. पण इन्स्पेक्शन आलं की ते खातं उघडावंच लागतं. घरोघरी असं एक खातं असतं. त्याचं इन्स्पेक्शन कोण करणार? ही पन्नास खुर्च्यांची नाटकं तेवढंच करतात. सगळीच चांगली असतात असं नाही. काहींत पात्रं पाठमोरी बसून इतका वेळ गप्प राहतात, की प्रॉम्प्टरला डुलकी लागली असावी अशी शंका येते. पण वाईट नाटकाला वाईट म्हणायलासुद्धा ते आधी बघावं लागतं.

तेव्हा मंडळी, तिकीट काढा. पास मागू नका; अशा संस्थांना टीकेपेक्षा पासानंच लवकर मरण येतं. बघून बाहेर या आणि मग खुशाल शिव्या द्या. पैसे भरलेल्या माणसाची तक्रार आमची बँकसुद्धा ऐकून घेते. निदान वहीत लिहून घेते.