समाजमाध्यमे, ‘लीड’ आणि वैद्यधर्म

गेल्या काही वर्षांत आपल्या व्यवसायात ‘लीड’ हा एक नवा शब्द रूढ झाला आहे. जिल्ह्याच्या वा तालुक्याच्या ठिकाणी दवाखाना चालविणाऱ्या वैद्यास अधूनमधून एक दूरध्वनी हमखास येतो. पलीकडून बोलणारी व्यक्ती ‘डिजिटल मार्केटिंग’ करणाऱ्या एखाद्या संस्थेची प्रतिनिधी असते. महिन्याला अमुक रक्कम द्या, तमुक इतक्या लीड देऊ, त्यातून इतके रुग्ण आलेच समजा, असा तो प्रस्ताव असतो. आयुर्वेदीय औषधांच्या दुकानदारांना आणि लहान निर्मात्यांनाही असेच प्रस्ताव येतात. आपल्या सभासदांपैकी काहींनी ते स्वीकारले आहेत, काही विचारात आहेत, तर काहींनी या विषयाकडे पूर्णपणे पाठ फिरविली आहे.

या संदर्भात दोन मते वारंवार ऐकू येतात. वैद्याने स्वतःची जाहिरात करणे हेच मुळी अधर्म्य, असे ज्येष्ठांपैकी अनेकांचे म्हणणे. काळ बदलला आहे, जो दिसतो तोच टिकतो, असे तरुणांचे म्हणणे. आमच्या मते दोन्ही म्हणण्यांत तथ्यांश आहे. तथापि लीड म्हणजे नेमके काय आणि तिची किंमत अखेरीस कोण मोजतो, हा मूळ प्रश्न दोहोंतही सुटून जातो. म्हणून प्रथम त्याचाच विचार करू.

फेसबुक वा इन्स्टाग्रामवर एक जाहिरात दिली जाते. ती कोणत्या गावातील, कोणत्या वयाच्या, कोणती आवड असलेल्या व्यक्तींना दाखवावयाची हे ठरविता येते. वाचकाने बटण दाबताच त्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक आधीच भरलेला एक छोटा अर्ज समोर येतो. त्याने तो पाठविला की एक लीड तयार झाली. पुढे दवाखान्यातील कर्मचारी अथवा त्या संस्थेची माणसे त्या क्रमांकावर पाठपुरावा करतात. जाहिरातीची ही जागा लिलावाच्या पद्धतीने विकली जाते. साहजिकच एकाच शहरातील दहा चिकित्सालये एकाच प्रकारच्या रुग्णांसाठी बोली लावू लागली की प्रत्येकाचा खर्च वाढत जातो.

आता थोडे गणित मांडून पाहू. समजा, एका लीडसाठी १५० रुपये खर्च झाले आणि १०० लीडपैकी ५ व्यक्ती प्रत्यक्ष दवाखान्यात आल्या. म्हणजे एक रुग्ण दारात येईपर्यंत ३,००० रुपये खर्ची पडले. वैद्याचे तपासणी शुल्क ३०० रुपये असेल, तर दहा भेटींचे शुल्क जाहिरातीतच गेले. हा खर्च भरून कसा निघणार? केवळ तपासणीवर व आठवड्याच्या औषधावर तो निघत नाही. मग तीन महिन्यांचा ‘कोर्स’ सुचविला जातो, सात दिवसांचे ‘पॅकेज’ पुढे केले जाते, आणि जेथे दोन कल्पांनी काम भागले असते तेथे पाच कल्प लिहिले जातात. वैद्याच्या मनात लोभ नसला तरी हिशेबच त्याला त्या दिशेने ढकलतो. लीडची किंमत शेवटी रुग्णाच्या चिकित्सापत्रावर येऊन बसते.

पंचकर्माच्या बाबतीत तर हा प्रकार शास्त्राच्या मुळावरच येतो. कोणास वमन द्यावे, कोणास देऊ नये, विरेचनास व बस्तीस कोण योग्य आणि कोण अयोग्य, याची सविस्तर परिगणना चरकाचार्यांनी सिद्धिस्थानात केली आहे. बल, अग्नी, कोष्ठ, वय, ऋतू आणि व्याधीची अवस्था यांची परीक्षा झाल्यानंतरच कर्म ठरते. जाहिरातीतील पॅकेजात मात्र कर्म आधी ठरते, पैसे आधी भरले जातात आणि परीक्षा नंतर होते. पैसे भरून आलेल्या रुग्णास ‘आपण विरेचनास योग्य नाही’ असे सांगून रक्कम परत करण्याचे धैर्य किती चिकित्सालये दाखवितील, हे ज्याने त्याने स्वतःशीच ताडून पाहावे.

येथे चरकसंहितेतील दशप्राणायतनीय अध्यायाचे स्मरण करणे उचित ठरेल. प्राणाभिसर आणि रोगाभिसर असे वैद्यांचे दोन प्रकार आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत अभ्यासले आहेत. त्यांतील रोगाभिसराचे जे वर्णन आचार्य करतात, ते आजच्या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखे आहे. हे लोक वैद्याच्या वेषात आत्मप्रौढी मिरवीत रस्तोरस्ती हिंडतात. कोणी आजारी असल्याचे कानी पडताच त्याच्याभोवती गोळा होतात. त्याला ऐकू जाईल अशा बेताने स्वतःचे गुण मोठ्याने सांगतात आणि जो वैद्य उपचार करीत असेल त्याचे दोष पुनःपुन्हा उगाळतात. रुग्णाच्या मित्रांना गोड बोलून, सेवा करून वश करतात आणि आपल्याला फारसे काही नको, असेही भासवितात. उपचार साधला नाही की मात्र रुग्णाकडेच बोट दाखवितात.

रस्त्याच्या जागी मोबाईलचा पडदा ठेवा. एखाद्याने गुडघेदुखीविषयी एकदा शोध घेतला की पुढील पंधरा दिवस तेलांच्या नि गुटिकांच्या जाहिराती त्याच्याभोवती फिरत राहतात. ‘सर्व उपाय करून थकलात का?’ या एका वाक्यात आधीच्या चिकित्सकाचे दोषकथन येते. आतुरमित्रांची जागा पैसे घेऊन शिफारस करणाऱ्या ‘इन्फ्लुएन्सर’ मंडळींनी घेतली आहे, आणि ‘पहिली तपासणी मोफत’ हे अल्पेच्छतेचे आधुनिक रूप आहे. तंत्र नवे असले तरी वृत्ती आचार्यांनी पूर्वीच ओळखून ठेवली होती.

याचा अर्थ वैद्याने समाजमाध्यमांपासून दूर राहावे, असा आम्ही मुळीच काढत नाही. वैद्याने लोकांत जाणे निषिद्ध नाही. सुश्रुताचार्यांनी विशिखानुप्रवेशनीय असा स्वतंत्र अध्यायच सांगितला आहे. अध्ययन, कर्मदर्शन आणि राजाची अनुज्ञा झाल्यावर स्वच्छ वेषात, नम्र वाणीने वैद्याने व्यवसायाच्या मार्गावर उतरावे, असा त्याचा आशय आहे. आजच्या भाषेत राजाची अनुज्ञा म्हणजे परिषदेकडील नोंदणी, आणि विशिखा म्हणजे जेथे लोक आहेत ती जागा. आज लोक समाजमाध्यमांवर आहेत. तेथे पदवीधर वैद्य बोलला नाही, तर पदवी नसलेला बोलतो. आयुर्वेदाच्या नावावर फिरणारे अचाट काढे, कच्च्या वनस्पतींचे धोकादायक प्रयोग, भस्मांविषयीची अकारण भीती आणि तितकीच अकारण भक्ती, या सर्वांचे निराकरण करणारा आवाज आपलाच असावयास हवा. वसंतात वमन का करावे, वर्षाऋतूत बस्तीचे महत्त्व काय, सुवर्णप्राशनाचा पुढील पुष्य नक्षत्राचा दिवस कोणता, दवाखान्याची वेळ काय, हे लोकांना कळविण्यात गैर काहीच नाही. सुवर्णप्राशनाने मूल परीक्षेत पहिले येईल, असे सुचविले की मात्र गैर सुरू होते.

ही सीमारेषा केवळ नीतीची नाही, कायद्याचीही आहे. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ अन्वये अनुसूचीतील ५४ व्याधी वा अवस्थांवरील औषधांची जाहिरात करण्यास मनाई आहे. मधुमेह, रक्तदाब, हृद्रोग, स्थौल्य, मूतखडा, संधिवात, पक्षाघात, श्वित्र, स्त्री-वंध्यत्व ही नावे त्या यादीत आहेत. आणि समाजमाध्यमांवरील आयुर्वेदाच्या जाहिराती बहुतांशी याच व्याधींच्या असतात. नोंदणीकृत चिकित्सकास आपल्या दवाखान्याच्या जागेत अशा व्याधींवर उपचार केले जातात, असा फलक लावण्याची सूट याच कायद्यात आहे. परंतु ती सूट दवाखान्याच्या जागेपुरती आहे. फेसबुकचे पान म्हणजे दवाखान्याची भिंत नव्हे, हे ध्यानात घ्यावे.

आयुर्वेदीय औषधांच्या जाहिरातींसाठी पूर्वपरवानगी आवश्यक करणारा औषध नियमांतील नियम १७० डिसेंबर २०१८ मध्ये आला आणि जुलै २०२४ मध्ये वगळण्यात आला. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्यास स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये प्रकरण निकाली काढताना ती स्थगिती उठविली. ‘आता सर्व मोकळे झाले’ असा समज यावरून काहींनी करून घेतला आहे. तो चुकीचा आहे. १९५४ चा कायदा जागेवर आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी निर्मात्यास व शिफारस करणाऱ्यास १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसे घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे आली. ऑगस्ट २०२३ मध्ये आरोग्यविषयक सल्ला देणाऱ्यांसाठी अधिक सूचना आल्या. त्यांनुसार प्रमाणित चिकित्सकाने माहिती देताना वा शिफारस करताना आपली अर्हता स्पष्ट सांगितली पाहिजे. जाहिरात संस्थेने मजकूर तयार केला, आम्हांस ठाऊक नव्हते, ही सबब नोंदणीकृत वैद्याच्या तोंडी शोभणार नाही.

औषध विक्रेत्या बंधुभगिनींसाठी एक मुद्दा स्वतंत्रपणे मांडावासा वाटतो. आयुर्वेदीय औषधांच्या केवळ विक्रीसाठी परवाना लागत नाही. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर सूची टाकून मागणी घेणे अत्यंत सोपे झाले आहे. सितोपलादी चूर्ण वा च्यवनप्राश यांच्या बाबतीत त्यात अडचण नाही. परंतु वत्सनाभ, भल्लातक, धत्तूर आदी द्रव्ये अनुसूची ई (१) मध्ये आहेत आणि ती असलेले कल्प वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावेत, असा इशारा वेष्टनावर छापावा लागतो. ऑनलाइन विक्री करणाऱ्यांनी असे कल्प नोंदणीकृत चिकित्सकाचे चिकित्सापत्र घेऊनच द्यावेत, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२२ मध्ये सूचित केले आहे. एका संदेशावर असा कल्प कुरिअरने घरपोच पाठविणारा दुकानदार स्वतःची आणि त्या रुग्णाचीही जोखीम वाढवितो. शिवाय जाहिरातीतील नावच मागणारा ग्राहक वाढला की उत्तम पण अप्रसिद्ध औषधे बनविणारा लहान निर्माता मागे पडतो. दुकानदाराचा अनुभव आणि वैद्याचे चिकित्सापत्र या दोहोंची किंमत त्यात कमी होते.

रुग्णाच्या गोपनीयतेविषयीही आपण सजग असले पाहिजे. उपचारापूर्वीची व नंतरची छायाचित्रे आणि रुग्णाच्या तोंडून वदविलेली प्रशस्ती हे लीड मिळविण्याचे लाडके साधन आहे. उपकृत रुग्ण वैद्यास नाही म्हणत नाही. म्हणूनच त्याची संमती तोंडी आणि घाईची नसावी. लीडच्या यादीत व्यक्तीच्या नावापुढे तिची व्याधी लिहिलेली असते, आणि ती यादी जाहिरात संस्थेच्याही हाती असते. उद्या ती दुसऱ्या चिकित्सालयास विकली गेली तर? डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत असली, तरी रुग्णाचे रहस्य राखण्याचा आपला धर्म त्याहून फार जुना आहे.

या विवेचनावरून काही व्यवहार्य सूचना आम्ही सभासदांपुढे ठेवीत आहोत. समाजमाध्यमांवरील प्रत्येक पानावर पूर्ण नाव, पदवी व नोंदणी क्रमांक असावा. लेखन दिनचर्या, ऋतुचर्या, पथ्यापथ्य, औषधी वनस्पतींची ओळख आणि गैरसमजांचे निराकरण यांविषयी असावे. अनुसूचीतील व्याधी बरी करण्याचा दावा कोठेही नसावा. पंचकर्माचे शुल्क परीक्षणानंतरच सांगावे व घ्यावे. दर लीडमागे मोबदला देण्याचा करार करू नये. जाहिरात संस्थेचे साहाय्य घ्यावयाचेच असेल, तर प्रत्येक मजकूर प्रसिद्धीपूर्वी स्वतः तपासावा आणि रुग्णांची यादी आपल्याच ताब्यात ठेवावी. दूरस्थ सल्ला देताना आयुष मंत्रालयाची एप्रिल २०२० ची टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वे पाळावीत.

संघटनेचीही यात जबाबदारी आहे. एकटा वैद्य मोठ्या भांडवलाच्या जाहिरातींशी स्पर्धा करू शकत नाही, हे तरुण सभासदांचे गाऱ्हाणे खरे आहे. नवा दवाखाना, जागेचे भाडे, कर्जाचे हप्ते यांच्या ओझ्याखाली असलेल्या वैद्यास केवळ नीतीचा उपदेश करून भागणार नाही. प्रत्येक जिल्हा शाखेने तीन-चार अनुभवी वैद्यांची एक समिती नेमावी. तिने दरमहा ऋतूस अनुसरून शास्त्रशुद्ध मराठी मजकूर तयार करावा आणि सर्व सभासदांनी तो आपापल्या नावाने वापरावा. शंका असलेला मजकूर सभासदांनी प्रसिद्धीपूर्वी समितीस दाखवावा. जिल्ह्यातील नोंदणीकृत वैद्यांची सूची, त्यांच्या विशेष अभ्यासासह, संघटनेने स्वतः प्रसिद्ध करावी. ज्या सभासदाने आक्षेपार्ह जाहिरात केली असेल, त्यास प्रथम आपणच समजावून सांगावे. शासनाची नोटीस येण्याची वाट पाहू नये.

समाजमाध्यमावर लेख वाचून एखादा रुग्ण आपल्याकडे आला, तर तो आपल्या ज्ञानावर विश्वास ठेवून आलेला असतो. विकत घेतलेल्या यादीतून आलेला रुग्ण सवलतीवर विश्वास ठेवून आलेला असतो, आणि अधिक सवलत मिळताच तो पुढच्या दारी जातो. दीर्घकाळ टिकणारा व्यवसाय कोणत्या विश्वासावर उभा राहतो, हे सुज्ञ सभासदांस वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. येत्या वार्षिक सभेत या विषयावर साधकबाधक चर्चा व्हावी आणि संघटनेने स्वतःची आचारसंहिता ठरवावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.