टायरांचे कुळशील

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांचे मत असे आहे, की ज्याने फोर बाय फोर गाडी घेतली त्याने तिला बीएफगुडरिचचेच टायर घालावेत, तेही चिखलाच्या मोठ्या बटणांचे, तेही मूळ मापाहून एक पायरी मोठे. आणि ज्याला हे परवडत वा पटत नसेल त्याने निमूटपणे साधी मोटार घेऊन बायकोमुलांना सिंहगडावर पिठलेभाकरी खायला न्यावे. देशी टायर, त्यांच्या मते, भाजीच्या टेंपोसाठी असतात. हा सिद्धान्त ते गेली चार वर्षे लग्नात, मुंजीत आणि एकदा तर दहाव्याच्या घाटावरही मला ऐकवीत आले आहेत. घाटावर उत्तर देणे प्रशस्त नव्हते, सबब येथे देतो.

त्यांच्या युक्तिवादाचा कणा एकच, तो म्हणजे कुळ. “नाव बघा हो, घराणं आहे ते!” ठीक आहे, घराण्याचाच दाखला हवा असेल तर दप्तर उघडून नीट काढू. 1870 साली ओहायोतील अ‍ॅक्रन गावी बेंजामिन फ्रँकलिन गुडरिच नावाच्या एका डॉक्टराने रबराचा कारखाना काढला. त्या कारखान्याने 1976 साली ऑल-टेरेन जातीचा रेडियल टायर बाजारात आणला, आणि तो उत्तम होता हे मी विनातक्रार मान्य करतो. परंतु पुढच्या दहाच वर्षांत या घराण्याचा टायरांचा संसार युनिरॉयलच्या संसारात मिसळला, 1990 मध्ये तो एकत्र संसार फ्रान्सच्या मिशेलिनच्या पदरी पडला, आणि मूळ गुडरिच कंपनी टायरांना रामराम ठोकून विमानांच्या सामग्रीत रमली. म्हणजे ज्या कुळाचा आमचे गृहस्थ इतक्या भक्तीने उच्चार करतात ते दत्तकविधानाने चाललेले आहे. दत्तक मुलगा कर्तबगार निघू नये असे नाही, हा निघालाही. पण मग रक्ताच्या गोष्टी कशाला? गुडइयरची हकीकत याहून उद्बोधक. गंधक घालून तापविल्याने रबर टिकाऊ होते हे 1839 साली ज्याच्या ध्यानात आले तो चार्ल्स गुडइयर 1860 मध्ये कर्जात बुडालेला वारला. त्याच्या नावाची कंपनी निघाली 1898 साली, परक्या माणसांनी काढलेली, जिचा त्याच्याशी संबंध नामस्मरणापुरताच. आणि ज्या सिएटला आमचे गृहस्थ ‘भांडुपचा माल’ म्हणून नाक मुरडतात, तिच्या नावातले शेवटचे अक्षर इटलीतील तोरिनो शहराचे आहे: 1924 मध्ये तेथे जन्म, 1958 मध्ये हिंदुस्थानात प्रवेश, आणि 1982 पासून मालकी इथल्याच उद्योगसमूहाची. विलायती नावाचीच हौस असेल तर ती भांडुपातही पुरी होते! एमआरएफने 1946 साली मद्रासेत मुलांचे फुगे करण्यापासून आरंभ केला; हवा कोंडून धरण्याचा इतका निष्कपट वारसा मला तरी दुसऱ्या कोणत्या टायरात आढळत नाही.

याच गृहस्थांशी माझा पूर्वी बुलबारवरून तंटा झाला होता. गाडीच्या नाकासमोर लोखंडी कठडा असला म्हणजे आतली माणसे सुरक्षित, हे त्यांचे तेव्हाचे ब्रह्मवाक्य. टकरीचा आघात गाडीच्या सांगाड्याने क्रमाक्रमाने जिरवावा आणि हवेची पिशवी योग्य क्षणी उघडावी, या सगळ्या हिशेबात तो कठडा मध्येच तडमडतो, हे मी परोपरीने सांगून पाहिले. 2017 च्या डिसेंबरात केंद्राच्या वाहतूक खात्याने असे कठडे बेकायदा असल्याचे राज्यांना कळविले तेव्हा त्यांनी तो उतरविला, पण मला काही त्याचे श्रेय मिळाले नाही. असो.

बटणांविषयी. काळ्या रानात पावसाळ्यात साध्या नक्षीच्या खाचा मातीने लिंपून टायर गोटा झाल्यासारखा घसरतो, आणि मोठ्या बटणांचा टायर ती माती फिरता फिरता झटकून टाकतो, हे खरे आहे. पण वाफसा येईपर्यंत त्या रानात कुणबी स्वतः बैल घालीत नाही. तेथे कोथरूडचा मनुष्य मोटार घालून काय पेरणार आहे? त्याचा नित्याचा मार्ग घर ते हिंजवडी, आणि महिन्यातून एखादा रविवार ताम्हिणीचा. ताम्हिणीच्या ओल्या डांबरावर मात्र हीच बटणे वैरी होतात, कारण त्यांच्यामधल्या रुंद मोकळ्या जागेमुळे रस्त्याला टेकणारे रबर कमी पडते आणि पाणी कापणाऱ्या बारीक चिरा त्यांत थोड्या असतात; वळणावर समोर एस.टी. आली असता गाडी चार हात अलीकडे थांबते की पलीकडे, हा भेद घराण्याच्या इतिहासाने मिटत नाही. आवाजाविषयी लिहीत नाही. त्यांच्या गाडीत बसून आलेल्यांना माझे लिहिणे ऐकू येणार नाही.

मोठ्या मापाचे म्हणाल तर 245/75 आर16 च्या जागी 265/75 घातला की व्यास 30 मिलिमीटरने वाढतो, आणि काटा 80 दाखवीत असता गाडी 83 ने धावते. आणि टायरच्या बाजूवरचे ते डोंगराचे व हिमकणाचे चिन्ह, जे ते प्रत्येक पाहुण्याला बोट ठेवून दाखवितात, बर्फावरच्या पकडीचे आहे; बारामतीकडे जाताना उपयोगी पडेल.

2020 च्या जूनमध्ये सरकारने टायरांच्या आयातीला परवान्याची अट घातली, त्यानंतरची माझी एक कैफियत. जांभ्याच्या धारेवर माझ्या एका विलायती टायरची (नाव वर आलेले नाही, आणि येणारही नाही) बाजू फाटली. त्याचा जोडीदार मिळेपर्यंत दुकानदाराच्या ‘पुढच्या आठवड्यात’ या वायद्यावर मी दोन महिने स्टेपनीवर दिवस काढले.

मग घ्यावा तरी कोणता, असे विचारले जाईल. माझे उत्तर फारसे वीरश्रीचे नाही. मूळ मापाचा, ऑल-टेरेन जातीचा, वजन पेलण्याचा आकडा गाडीच्या पुस्तकातल्याहून कमी नसलेला; ज्याच्या बाजूवरील तारखेचे चार आकडे (पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे) ताजे आहेत असा; आणि ज्याचा पाचवा भाऊ आपल्याच गावच्या दुकानात उद्या मिळेल असा. 2020 च्या थारच्या वरच्या प्रकाराला कारखान्यातूनच सिएटचे ऑल-टेरेन येत होते, आणि त्यांवर रोज कचेरी गाठणाऱ्यांची अब्रू गेल्याचे ऐकिवात नाही. योकोहामाचा जिओलँडर, अपोलोचा अ‍ॅप्टेरा हेही याच पंगतीतले. उरलेल्या पैशात हवा मोजण्याचे चांगले यंत्र घ्यावे, कारण वाळूत हवा उतरविली की कोणत्याही नावाचा टायर पसरून तरतो, आणि पुन्हा भरली नाही तर कोणत्याही नावाचा डांबरावर तापतो.

मी स्वतः गेल्या महिन्यात चार बदलले. कोणते, ते त्या गृहस्थांना कळविलेले नाही. येत्या रविवारी ते मुद्दाम पाहायला येणार आहेत. आदल्या दिवशी मी ताम्हिणीला जाऊन येईन म्हणतो, म्हणजे चाकांवर नाव वाचता येण्याइतकी जागा शिल्लक राहणार नाही.